ओलं फडकं आधी बाजूला ठेवा : शोकेसमधल्या फिगर्सवरची धूळ

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : हॉलमधल्या उघड्या फळ्यांवर चाळीसेक वस्तू आहेत. चार-पाच जपानी पीव्हीसी फिगर्स (म्हणजे मऊसर प्लास्टिकचे पात्रांचे छोटे पुतळे), लहानपणचे जी. आय. जो आणि ही-मॅन हे बाहुले, डझनभर हॉट व्हील्स, एक मोठी लेगोची गाडी. आई दर रविवारी ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतात. त्यात एका फिगरची तलवार मोडली आणि दोन-तीन फिगर्स हाताला चिकट लागायला लागल्यात. आता वेट वाइप्स घ्यावेत की दाबलेली हवा फवारणारा हवेचा डबा, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही घेऊ नका. पंचवीस वर्षं ही जमवाजमव करतोय. माझ्याकडच्या ज्या वस्तू खराब झाल्या त्यातल्या बहुतेक धुळीने खराब झाल्या नाहीत, मी त्या पुसल्या म्हणून झाल्या. आपल्याकडच्या धुळीत माती, सिमेंट आणि वाळूचे बारीक कण असतात. वाळूचा कण फिगरवरच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. त्यावरून फडकं फिरवलं की तो कण रंगावर ओढला जातो. एका रविवारी काही दिसत नाही, वर्षभराने नाकाचा शेंडा, केसांच्या कडा, गुडघे इथला रंग विरळ झालेला दिसतो. फडकं कोरडं असेल तर घासल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि ते तासाभरात पुन्हा धूळ ओढून घेतं. फडकं ओलं असेल तर धुळीचा चिखल होतो आणि तो खाचांत, बोटांच्या बेचक्यांत जाऊन वाळतो. म्हणून धूळ आधी न दाबता उचलायची.

त्यासाठी लागतो ब्रश. तामिया या जपानी मॉडेल-किट कंपनीचा अँटिस्टॅटिक ब्रश मिळाला तर उत्तम, त्याने विद्युतभारही कमी होतो. नाही मिळाला तर मेकअपचा मोठा, मऊ केसांचा ब्रश घ्या, पण नवा, पावडर न लागलेला. बारीक जागांसाठी शाळेतल्या रंगकामाचा गोल ब्रश पुरतो. जोडीला कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा. हवेच्या डब्यापेक्षा मी तोच वापरायला सांगेन, कारण डबा जरा तिरका झाला की आतला द्रव बाहेर उडतो, इतका थंड की फिगरवर बर्फासारखा थर बसतो आणि रंगाला इजा होते.

सुरुवात पंख्यापासून करा. पंख्याची पाती आधी पुसून घ्या, नाहीतर साफ केलेल्या फिगर्सवर पुन्हा तीच काजळी पडणार. मग वरच्या फळीपासून खाली या. एका हाताने फिगरचा तळ धरा, तलवार, वेणी, बोटं अशा नाजूक भागांना मागून बोटाचा टेकू द्या आणि ब्रश फक्त टेकवत वरून खाली न्या. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या नळीच्या तोंडाला पातळ पायमोजा रबरबँडने बांधा आणि नळी वीतभर लांब धरा. ब्रशने उडालेली धूळ तिकडे जाते, आणि एखादा छोटा भाग सुटलाच तर मोज्यावर अडकतो. नळी थेट फिगरला लावायची नाही. पंधरा दिवसांतून एकदा एवढं केलं की वर्षातले अकरा महिने पाण्याची गरजच पडत नाही.

आता चिकटपणाचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. हॉल आणि स्वयंपाकघर लागून असेल तर फोडणीच्या तेलाची वाफ रोज थोडी थोडी सगळीकडे बसते. देवघर जवळ असेल तर उदबत्तीचा धूर तिला येऊन मिळतो. हा थर फिगरच्या वरच्या अंगावर जास्त असतो, पिवळट दिसतो आणि शेजारच्या हॉट व्हील्सवर, फळीवरही सापडतो. फळीवरून बोट फिरवून पाहा. बोटाला ओशट लागलं तर दोष स्वयंपाकघराचा, फिगरचा नाही.

दुसरा चिकटपणा प्लास्टिकच्या आतून येतो. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ असतं, ते लवचीक व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. तो कायमचा बांधलेला नसतो. काही वर्षांनी, उष्णतेत लवकर, तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. शेजारच्या कडक प्लास्टिकच्या वस्तू कोरड्या आणि फक्त पीव्हीसीच्या दोन-तीनच चिकट, असं दिसलं तर हेच झालंय. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. यावर काही जण टाल्कम पावडर लावतात. ती लावू नका, खाचांत पांढरी बसते आणि मूळ गोष्ट तशीच राहते. धुणं हाच उपाय. काही महिन्यांनी चिकटपणा परत येऊ शकतो, तेव्हा पुन्हा धुवायचं. मात्र अशी फिगर हवाबंद डब्यात ठेवली तर त्रास वाढतो. तिला मोकळी हवा हवी.

याच कारणासाठी पीव्हीसीच्या वस्तू दुसऱ्या प्लास्टिकला टेकवून ठेवू नका. मॉडेल कारचं मऊ टायर पारदर्शक प्लास्टिकवर वर्षानुवर्षं टेकून राहिलं की ते प्लास्टिक तिथे वितळल्यासारखं होतं, हे मी स्वतःच्या गाडीवर पाहिलंय. मध्ये साध्या कागदाचा तुकडा असला तरी फरक पडतो.

धुण्याची रीत. एक लिटर कोमट पाणी, मनगटाला सोसेल इतपतच, आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. भांड्यांची वडी वापरू नका, तिच्यात घासायची पूड असते. कपड्यांची पावडरही नको. टबात आधी पिठाची चाळण ठेवा आणि तिच्यात फिगर, म्हणजे निसटलेला कानातला डूल किंवा बकल मोरीत जात नाही. पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने पाण्यातच हलकेच फिरवा, दुसऱ्या टबात खळबळा. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं खळबळणं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने केलं की ते टळतं. मग सुती पंच्यावर, पंख्याखाली, पूर्ण एक दिवस. उन्हात नाही, हेअर ड्रायरखाली तर अजिबात नाही, गरम हवेने पीव्हीसी वाकतं. पोकळ अंगात शिरलेलं पाणी निथळावं म्हणून फिगर दोन-तीन वेळा उलटी करून ठेवा.

हे वर्षातून एकदा, दसरा ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत करा. पावसाळ्यात धुतलेली वस्तू आतून वाळत नाही आणि मग सांध्यांत बुरशी धरते.

तुमचे जी. आय. जो मात्र असे सरळ पाण्यात टाकू नका. ते बहुधा फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीचे असणार, गोव्यात तयार झालेले. आपल्या पिढीच्या कितीतरी घरांत तेच होते, आणि आज ते जपणं मला खरंच महत्त्वाचं वाटतं, कारण तसे पुन्हा बनणार नाहीत. पावणेचार इंचांच्या त्या बाहुल्याच्या पाठीत लोखंडी स्क्रू असतो. धडाच्या आत एक काळी रबरी रिंग पायांच्या धातूच्या आकड्याला धडाशी बांधून ठेवते. मी 2004 साली पाच जण एकदम साबणाच्या बादलीत बुडवले होते. वरून लख्ख झाले. दोन महिन्यांनी एकाच्या कमरेतून तांबूस पाणी उतरलं, उघडून पाहिलं तर आकडा गंजलेला आणि रिंग हात लावताच तुटली. म्हणून आधी छोट्या स्टार स्क्रूड्रायव्हरने पाठीचा स्क्रू काढा, धडाचे दोन भाग वेगळे करा, धातूचे भाग बाजूला ठेवा आणि फक्त प्लास्टिक धुवा. रिंग कडक झाली असेल तर त्याच मापाची नवी ओ-रिंग घाला. स्क्रू परत लावताना शेवटचा पीळ जोरात देऊ नका. अंगठा आणि कमरेचा तुकडा हे याचे सगळ्यात कच्चे भाग, हातात बंदूक कोंबताना अंगठा हमखास जातो. छातीवर किंवा वाहनावर स्टिकर असेल तर तिथे पाणी नकोच, ब्रश पुरे.

लेगोची गाडी उघडून तुकडे वेगळे करायची तयारी असेल तर धुणं सोपं आहे. कंपनी स्वतःच 40 अंशांपेक्षा गरम पाणी नको आणि वॉशिंग मशीन नको असं सांगते. तुकडे वेगळे करायचे नसतील तर खूप मऊ टूथब्रशने खुंट्यांच्या ओळींमधली धूळ काढा. हॉट व्हील्सचे आस पोलादी असतात आणि बॉडी व तळ यांच्यात पाणी अडकतं, त्यामुळे ब्रश आणि जेमतेम ओलसर मायक्रोफायबर, बस.

काय लावायचं नाही तेही सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर कडक प्लास्टिक विरघळवतात. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने रंग निघतो, विशेषतः जपानी फिगर्सचे डोळे, ते चेहऱ्यावर छापलेले असतात. काच पुसायचा निळा फवारा फिगर्सच्या जवळ मारू नका. जादुई म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच. वेट वाइप्स सुगंधाचा आणि तेलाचा थर मागे ठेवतात, त्यावर धूळ आणखी बसते. आणि शोकेसमध्ये डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते.

फळीवर दिवाळीच्या किल्ल्यातले मातीचे मावळे असतील तर त्यांना यातलं पाण्याचं काहीच लागू नाही. तो रंग ओल्या बोटानेही निघतो. त्यांना फक्त ब्रश.

गौरीपुढच्या आराशीत खेळणी मांडायची पद्धत तुमच्याकडे असेल तर हळदीचा डाग पडतो. घासून तो पसरतो. साबणाच्या पाण्याने जेवढा निघेल तेवढा काढा आणि वस्तू दोन-तीन दिवस खिडकीजवळच्या उजेडात ठेवा. हळदीचा पिवळा रंग उजेडात उडतो. त्यापेक्षा जास्त दिवस नको, पांढरं प्लास्टिक त्याच उजेडाने पिवळं पडतं.

जागेबद्दल इतकंच, की जमलं तर काचेचं दार असलेलं शोकेस करा, खिडकीसमोर नाही, आणि दाराच्या फटीला फोमची पट्टी लावा. धूळ बरीच थांबते. पीव्हीसीसाठी आठवड्यातून एकदा दार तासभर उघडं ठेवा.

आईंना ब्रश हातात देऊन एकदा शेजारी बसून दाखवा. त्या दर रविवारी तेवढा वेळ देतात, म्हणजे त्यांनाही त्या वस्तूंची काळजी आहे. माझ्याकडे हे काम आता आईच माझ्यापेक्षा चांगलं करते.

मोडलेल्या तलवारीला घाईने फेविक्विक लावू नका. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरट झाक येते आणि चुकून तिरकं जोडलं तर सुटत नाही. दोन्ही तुकडे कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवा आणि तुटलेल्या कडांचा जवळून काढलेला फोटो टाका. पीव्हीसी आहे की एबीएस नावाचं कडक प्लास्टिक, ते कड पाहून कळेल, मग बारीक तार घालून जोडायची की कशी ते सांगतो.