एसीची जाळी आधी बघा, मग मेकॅनिकला फोन करा
नवा स्प्लिट एसी घेतलात आणि काही महिन्यांत गारवा कमी वाटायला लागला, तर लगेच गॅस भरून घेऊ नका. गॅस बंद नळीत फिरतो, गळती नसेल तर तो संपत नाही. आधी मेन स्विच बंद करून पुढचं झाकण उचला आणि जाळी बाहेर काढा. उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल, तर दुखणं तिथेच आहे. हवा अडली की आतल्या कॉइलवर, म्हणजे गार नळ्यांवर, बर्फ धरतो आणि तो वितळला की भिंतीवरून पाणी ओघळतं.

जाळी नळाखाली धुवा, पण धार मागच्या बाजूने सोडा. पुढून मारलीत तर धूळ छिद्रांत आणखी रुतते. गरम पाणी नको, कडक ऊनही नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. ओली बसवलीत तर कुबट वास आलाच म्हणून समजा.

शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट चालू असेल तर दर आठवड्याला धुवा, एरवी १५ दिवसांनी. आणि हो, ही जाळी केस, धागे, जाड धूळ एवढंच अडवते, पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.