ट्रॅफिक वाढेल म्हणून पोस्टग्रेस सोडू नकोस

अरे, साइट अजून सुरूही झालेली नाही आणि आत्तापासून पोस्टग्रेस हा डेटाबेस बदलायचा विचार कशाला? विकिपीडिया पोस्टग्रेससारख्याच, तक्त्यांत डेटा ठेवणाऱ्या मारियाडीबीवर चालतो. लोड वाढला तेव्हा यूट्यूबनेही त्याच जातीचं मायएसक्यूएल फेकून दिलं नाही, २०१० मध्ये त्यावरच व्हिटेस हे डेटा अनेक सर्व्हरवर वाटणारं साधन उभारलं.

घोडं बहुतेक वेळा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, अडतं. सगळ्यात मंद क्वेरी 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा लावून चालव, म्हणजे तिने किती ओळी वाचल्या ते दिसेल. लाखो ओळी वाचून हाती वीसच लागत असतील, तर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) चुकलाय. ग्राहकाच्या शेवटच्या २० ऑर्डर हव्यात? मग ग्राहक क्रमांक आणि तारीख, याच क्रमाने, दोन्हींचा मिळून एकच इंडेक्स कर. दोन वेगळे इंडेक्स केलेस तर तेवढा फायदा होत नाही.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतं, म्हणून पुढे पीजीबाउन्सर, म्हणजे थोडीच कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारं साधन, लावच. त्यानंतर कॅश (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवणं), मग वाचनासाठी रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत. मात्र रेप्लिका किंचित मागे असते. नुकतीच दिलेली ऑर्डर ग्राहकाला मुख्य सर्व्हरवरूनच दाखव, नाहीतर 'ऑर्डर गायब' म्हणून फोन येतील.

लेखनाचा भार मात्र रेप्लिकाने हलका होत नाही. तिथे आधी मोठं मशीन घे, शार्डिंग, म्हणजे डेटाचे तुकडे (शार्ड) वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणं, अगदी शेवटी. एकदा डेटा विभागला की शार्ड ओलांडणारे जॉइन (तक्ते जोडून वाचणं) आणि ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) फार जड जातात.