झेडलिबचा तो बग वाचताना

नवीन आहेस, म्हणून आधी 2022 चा झेडलिबमधला (डेटा दाबून लहान करणारी आणि परत उलगडणारी लायब्ररी) बग सीव्हीई-2022-37434 (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या चुकीला दिलेला जाहीर क्रमांक) नीट वाच. जीझिप या दाबलेल्या फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, 'एक्स्ट्रा' नावाचं फील्ड असतं, 65,535 बाइटांपर्यंत. ते ठेवायला तू 64 बाइटांचा बफर (मेमरीतली राखीव जागा) दिलास आणि डेटा तुकड्यातुकड्याने आला. 100 बाइट आधीच येऊन गेलेत. आता कोड जागा किती उरली ते काढतो: 64 वजा 100. आकडा अनसाइन्ड, म्हणजे कधीच ऋण न होणारा, म्हणून उत्तर उणे 36 नाही, तर 4294967260! आणि तेवढे बाइट मेमकॉपी (मेमरीत नक्कल करणारं फंक्शन) करायला निघतो, तेही बफरच्या बाहेरच्या जागेवर. दुरुस्ती काय, तर वजाबाकीआधी एक तुलना: आलेले बाइट बफरपेक्षा कमी आहेत ना? गंमत म्हणजे पहिल्या दुरुस्तीत नल पॉइंटरची (कुठेच न दाखवणारा पत्ता वापरण्याची) नवी चूक शिरली, म्हणून ती परत सुधारावी लागली.

घाबरून जाऊ नकोस. इन्फ्लेटगेटहेडर हे हेडर वाचून देणारं झेडलिबचं फंक्शन वापरणाऱ्या प्रोग्रामलाच हा धोका. पण झेडलिबची 1.2.13 किंवा पुढचीच आवृत्ती घे. सिस्टिम अपडेट केली म्हणजे झालं, असं नाही बरं का! कुणीतरी कधीकाळी सोर्समध्येच झेडलिबची प्रत चिकटवलेली असते, ती ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मारून शोध. टेस्टमध्ये ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लाव आणि फाइल एकेक बाइट करून भरव. असले बग तिथेच सापडतात.