चहा-कॉफीने पोटाचा कॅन्सर होतो का? वडील दिवसाला आठ कटिंग घेतात

तुमचा प्रश्न असा: वडील ६२ वर्षांचे, सकाळी उपाशीपोटी धरून दिवसाला सात-आठ कटिंग, अधूनमधून छातीत जळजळ. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘चहा-कॉफीने पोटाचा कॅन्सर’ असा फॉरवर्ड आला. आता त्यांचा चहा तोडावा, की त्यांना ग्रीन टीवर आणावं?

चहा तोडू नका. जठराचा कॅन्सर चहा-कॉफीमुळे होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. फॉरवर्डच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, पण ती चहाची नाही, चहाच्या तापमानाची आहे. आणि जठराची नाही, अन्ननलिकेची आहे. मराठीत घशाखालचं सगळंच ‘पोट’ असल्यामुळे हा घोळ होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने १९९१ साली कॉफीला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं होतं, तेही मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संशयावरून. २०१६ साली हजाराहून जास्त अभ्यास पुन्हा तपासून तिने कॉफीला त्या गटातून काढलं. यकृताच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कॉफी पिणाऱ्यांमध्ये उलट कमी दिसला. जठराबाबत दोन्ही बाजूंनी ठाम बोलावं इतका पुरावा मिळाला नाही. मात्र त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सिअसच्या वरचं ‘अतिशय गरम पेय’, मग ते कुठलंही असो, अन्ननलिकेसाठी ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी ‘गरम’ शब्द गाळला आणि ‘चहा’ ठेवला.

याला सर्वांत चांगला आधार इराणच्या ईशान्येकडील गोलेस्तान प्रांतातून येतो. तिथे ५०,०४५ लोकांचा चहा थर्मामीटर लावून मोजला आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ६० अंशांच्या वरचा चहा दिवसाला ७०० मिली किंवा जास्त पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका, कमी आणि कोमट चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्के जास्त निघाला. आकडा भीतीदायक वाटतो, पण त्या भागात हा कॅन्सर मुळातच खूप आहे, हे लक्षात ठेवा. आता तुमच्या वडिलांचा हिशोब करू. टपरीचं कटिंग ७० मिली धरलं तर आठांचे ५६० मिली, दहांचे ७००. म्हणजे प्रमाण त्या रेषेच्या जवळच आहे. तेव्हा कप मोजण्यापेक्षा अंश मोजा.

किचन थर्मामीटर घ्या, ० ते १०० अंशांचा. तापाचा चालणार नाही, तो ४२-४३ च्या पुढे जात नाही. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. इंग्रजी पद्धतीत कोऱ्या चहात वरून गार दूध पडतं, म्हणून तो पटकन उतरतो. आपला चहा दुधासकट उकळतो, त्यामुळे गाळल्यावरही तो बराच वेळ ६५ च्या वर राहतो. घरी एकदा गाळल्यापासून दर मिनिटाला मोजा आणि ६० अंशांना यायला तुमच्या कपाला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. जाड काचेचा ग्लास, चिनी मातीचा कप आणि थर्मास, तिघांचं उत्तर वेगळं येईल. थर्मास सगळ्यांत वाईट, कारण तासाभरानंतरचा चहासुद्धा तोंड भाजेल इतका गरम निघतो. स्टीलचा पेला मात्र ओठालाच चटका देतो, म्हणून माणूस आपोआप थांबतो.

जुन्या माणसांची बशीत ओतून फुरके मारायची सवय या बाबतीत शहाणी होती. बशीत पृष्ठभाग मोठा, म्हणून चहा झपाट्याने निवतो. फुरक्यात हवा मिसळते आणि घोट लहान राहतो. घोट जितका मोठा तितकं अन्ननलिकेतलं तापमान जास्त चढतं. त्यामुळे अमृततुल्यच्या काउंटरवर उभ्या-उभ्या तीन घोटांत कप रिकामा करणं ही खरी खोड. वडिलांना बशी परत द्या. सून हसेल, हसू दे.

जठराच्या कॅन्सरकडे वळू. तिथला मोठा आरोपी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. आयएआरसीने १९९४ साली त्याला खात्रीच्या कर्करोगकारकांत टाकलं. तो जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज ठेवतो, मग अस्तर झिजतं, पेशींचं रूप बदलतं आणि काहींमध्ये दशकांनंतर कॅन्सर होतो. भारतात हा जिवाणू अगदी सर्रास आढळतो, तरी बहुतेकांना कॅन्सर होत नाही. त्याच्या जोडीला धूम्रपान, खूप खारवलेलं अन्न, जास्त दारू आणि घरात आई-वडील-भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झालेला असणं हे धोके येतात. देशात जठराच्या कॅन्सरचं प्रमाण मिझोराममध्ये सर्वाधिक आहे. तिथे धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून तयार केलेलं, तोंडात धरायचं पाणी ही कारणं पुढे येतात. चहा तर देशभर पितात.

जपानमध्ये मियागी भागातल्या २६,३११ लोकांवरचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांना जठराच्या कॅन्सरपासून संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. त्यामुळे वडिलांना ग्रीन टीची शिक्षा देऊ नका. कॉफी आवडत असेल तर खुशाल द्या, पण फिल्टर कॉफीही निवू द्यायची.

जुन्या अभ्यासांत कॉफी अधूनमधून दोषी का दिसते, तेही सांगतो. कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारे जास्त असतात. ते गणित नीट वेगळं केलं नाही तर सिगारेटचा दोष कपाच्या माथी येतो. पुण्याच्या कुठल्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहिलात तर कपाबरोबर काय चाललंय ते दिसेल. वडील चहासोबत सिगारेट-बिडी ओढत असतील, तंबाखू मळत असतील, किंवा घरात कुणी मशेरी लावत असेल, तर आधी ते सोडवा. धूम्रपान जठर आणि अन्ननलिका दोन्हींना मारतं. चुना-तंबाखू आणि मशेरी तोंडाला आणि अन्ननलिकेला.

जळजळीचं वेगळं. चहा-कॉफीने आम्ल वाढू शकतं आणि अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडू शकते. त्यामुळे पित्त वर येतं, पण अल्सर त्यातून होत नाही. तो बहुतेकदा त्याच जिवाणूने किंवा दुखणं थांबवणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी होतो. गुडघ्यासाठी रोज गोळी चालू आहे का, ते विचारा. सकाळचा पहिला चहा काही खाल्ल्यावर, शेवटचा संध्याकाळी सहाच्या आत, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, कारण तो अन्नातलं लोह शोषू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे आठ कटिंग त्यात बसतात. साखर मात्र जास्त होते. प्रत्येकात एक चमचा म्हटलं तरी ४० ग्रॅम झाली.

पुढचं मात्र गंभीरपणे घ्या. गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, चार घासांतच पोट भरणं किंवा रक्त कमी झाल्याचा रिपोर्ट, यातलं एकही असेल तर पोटविकारतज्ज्ञाकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्या. काहीच नसेल, पण जळजळ या वयात नवीनच सुरू झालेली असेल, तरी दाखवा. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेत राहू नका, त्याने लक्षणं झाकली जातात. जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी सांगितली, तर ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट ‘नाही’ येऊ शकतो. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर.