डाव्या सीटवरून : गायमुखच्या चढाला कोणती गाडी?

प्रश्न : ताई, आम्ही कासारवडवलीला राहतो. मुलीला ऐरोलीत नोकरी लागली आहे, लायसन्स नुकतंच हातात पडलंय. घरातली ही पहिलीच गाडी, बजेट आठ लाखांच्या आत. स्विफ्ट, टियागो आणि ग्रँड आय टेन निऑस अशी तीन ब्रोशर्स महिनाभर टीपॉयवर पडली आहेत. अश्वशक्ती 82, 86 आणि 83. आमचे हे म्हणतात, 86 वाली घ्या, विषय संपला. दर रविवारी सासूबाईंना घेऊन मीरा रोडला नणंदेकडे जायचं असतं, म्हणजे गायमुखचा घाट आलाच. चालवायला खरंच कोणती बरी?

उत्तर : यांना सांगा, विषय आत्ता कुठे सुरू होतोय.

मी सव्वीस वर्षं ठाण्यात ड्रायव्हिंग शिकवलं, तेही डावीकडे बसून. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. उपवनहून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर शिकाऊ बाईचा पाय क्लचवरून झटकन सुटला की माझा डावा पाय आपोआप खाली जायचा. गाड्या मला अशा कळल्या, इतरांच्या चुकांमधून. काही गाड्या चूक पोटात घालतात, एक आचका देऊन पुढे निघतात. काही जागच्या जागी बंद पडतात आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा अंगठा काढत नाही. ब्रोशरमध्ये हे छापत नाहीत.

आता तुमचे आकडे. टियागोची 86 अश्वशक्ती खरी आहे, पण ती मिळते 6000 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेतं तेव्हा. निऑसची 83 पण तिथेच, स्विफ्टची 82 जरा अलीकडे, 5700 ला. मुलगी माजिवड्याच्या पुलाखाली इंजिन 6000 पर्यंत नेणार आहे का? तिथे काटा 1500 ते 2500 मध्ये घुटमळतो. टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवायची ओढ, ती बघा. तिन्ही गाड्यांचा 112 ते 114 न्यूटन मीटर, म्हणजे सारखाच. अगदी सगळाच्या सगळा टॉर्क 2000 आरपीएमला मिळाला असं धरलं तरी हिशेबाने अश्वशक्ती येते 32. त्यातून एसीचा कंप्रेसर आपला वाटा घेतो. तेव्हा 82 आणि 86 चं भांडण ज्या मजल्यावर चाललंय, तिथे तुमची लिफ्ट जातच नाही.

फरक आहे तो टॉर्क कुठे भरात येतो यात. टियागोचा 3300 ला, निऑसचा 4000 ला, स्विफ्टचा 4300 ला. यावरून टियागो घाटात सगळ्यांत सोपी जावी असं वाटेल. काही अंशी ते खरंही आहे. गायमुखला पुढे कंटेनर, त्याच्यापुढे कंटेनर, मधेच रांग हलते आणि तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये ताशी 15 वर असता. तिथे टियागो कुरकुरत का होईना, ओढते. पण ती अंगाने स्विफ्टपेक्षा जड आहे, आणि दिवसाला शंभरदा क्लच दाबणाऱ्या नव्या पायाला ती मला जरा राकट वाटली. खड्ड्यांवर मात्र तिच्यासारखी बसून चालणारी या पैशात दुसरी नाही. सासूबाईंच्या कमरेचं मत विचारात घेणार असाल तर टियागोला एक मत जादा द्या.

निऑस मला चालवायला सगळ्यांत गोड वाटते. तिला चार सिलिंडर आहेत, बाकी दोघींना तीन. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या दांड्याच्या, दर 180 अंशांना एक स्फोट होतो, तीनच्या इंजिनात दर 240 अंशांना. म्हणून सिग्नलला उभ्या असलेल्या तीन सिलिंडरच्या गाडीचा आरसा बारीक थरथरतो. निऑसचं इंजिन चालू आहे की बंद, हे बघायला माझ्या एका विद्यार्थिनीने चालू गाडीलाच पुन्हा स्टार्टर मारला होता! पण चौघं बसल्यावर चढाला ती खालच्या आरपीएमला आळसावते. गिअर एक खाली टाकायची सवय हवी, आणि नव्या माणसाला नेमकी तीच नसते.

स्विफ्टबद्दल लोक उगाच हळहळतात. 2024 मध्ये तिचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन तीनचं आलं, 90 अश्वशक्तीची 82 झाली. हायवेवर ओव्हरटेक करताना जुनीची मजा नाही, हे मान्य. पण कापूरबावडी ते तीन हात नाका या पट्ट्यात मला तरी काही कमी झाल्याचं जाणवलं नाही. गाडी हलकी, क्लच हलका, स्टिअरिंग एका बोटावर. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हिल होल्ड तिच्या सगळ्या व्हेरियंटमध्ये येतो. चढावर ब्रेकवरून पाय काढला की दोनेक सेकंद गाडी धरून ठेवली जाते, मागे घसरत नाही. माझ्या डाव्या पायाचं अर्धं काम तिथेच संपलं असतं. इतर दोघींत ही सोय कोणत्या व्हेरियंटला आहे ते छापील यादीत बघून घ्या, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका.

माझा कल मुलीसाठी स्विफ्टकडे आहे. पण माझ्या कलावर पैसे मोजू नका.

टेस्ट ड्राइव्हला जाताना सासूबाईंसकट सगळे जा. गेल्या वर्षी मी भाचीबरोबर एका शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलाने सपाट सर्व्हिस रोडवर एक फेरी मारून आणली आणि "पिकअप कसा वाटला, मॅडम?" म्हणून विचारलं. सपाट रस्त्यावर दोन माणसं घेऊन तर माझी 796 सीसीची जुनी मारुती 800 पण पळायची. मी शोरूमच्याच दोन पोरांना मागे बसवलं आणि गाडी बेसमेंटच्या रॅम्पवर घ्यायला लावली. तुमच्या टॉवरला पोडियम पार्किंग असेलच. वॉचमनला सांगून तो रॅम्प मोकळा करून घ्या, आणि चौघं बसून, एसी चालू ठेवून, अर्ध्यावर थांबून पुन्हा निघा. तीनदा. सुरुवात मुलीने करायची, यांनी नाही. गाडी बंद पडली तर का पडली ते मोठ्याने बोला. मग वाघबीळचा किंवा पातलीपाड्याचा उड्डाणपूल दुसऱ्या गिअरमध्ये 20 च्या वेगाने चढायला सुरुवात करा आणि ॲक्सिलरेटर निम्माच दाबा. इंजिन खडखडायला लागलं की समजा, ही गाडी रोज गिअर मागणार. खुद्द गायमुखला मात्र थांबायचा प्रयोग करू नका, मागच्या ट्रेलरला तुमची टेस्ट ड्राइव्ह चालली आहे हे माहीत नसतं.

प्रश्न : नेरुळहून रोज ठाणे-बेलापूर रस्त्याने जातो. वॅगन आर एक लिटर, सीएनजी. सपाटीला उत्तम, पण बेलापूरला पारसिक हिलवर मित्राकडे जाताना चौघं असलो की एसी बंद करावा लागतो. इंजिन गेलं का?

उत्तर : इंजिन जागेवर आहे, दादा. पेट्रोल बारीक थेंबांनी आत जातं, सीएनजी मुळातच वायू, तो सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो. त्यामुळे पेट्रोलवर 67 अश्वशक्ती देणारी तुमची गाडी गॅसवर 57 देते, वर टाकीचं ओझं. मोठ्या इंजिनांनाही हे चुकत नाही, स्विफ्ट गॅसवर 82 वरून 70 च्या आसपास येते. चढ लागायच्या आधी स्विच दाबून पेट्रोलवर या, दोन किलोमीटरच्या पेट्रोलने घर बुडत नाही. तरीही गाडी गुदमरली तर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बघून घ्या. गॅसवर ठिणगी जोरकस लागते, थकलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो, गॅसवर उघडा पडतो.

प्रश्न : एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी घेतली. कळव्याच्या पुलावर चढाला जॅममध्ये ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी रोखून धरते. परवा जळका वास आला.

उत्तर : तो तुमचा क्लच. पेडल दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे. आत साधाच गिअरबॉक्स आहे, फक्त दाबायचं काम मशीन करतं. चढावर ब्रेक दाबा, जास्त वेळ थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढा. वास पुन्हा आला तर गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि त्याच आठवड्यात क्लच दाखवून घ्या.