समुद्रातल्या जिवाणूंवर संशोधन करणारे नेमकं करतात काय?

प्रश्न विचारणाऱ्या बाई कोकणात विज्ञान शिकवतात. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "जिवाणू मोजून आमच्या मासेमारीला काय उपयोग?" मुलांना काय सांगू, असं त्यांनी विचारलंय. मुलगा हुशार दिसतोय. मला हा प्रश्न काम सुरू करून चार वर्षं झाल्यावर पडला होता.

मी काही वर्षं गोव्यात हे काम केलं. सागरी संशोधन म्हटलं की लोकांना पाणबुडी आणि प्रवाळ आठवतात. माझे बरेचसे दिवस भाड्याच्या ट्रॉलरवर बाटल्या भरण्यात आणि उलट्या आवरण्यात गेले. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. तेव्हा 'मोजणं' हा कामाचा सगळ्यात सोपा भाग. खरा प्रश्न हा की ते श्वास कशावर घेतायत?

मुलांना ही एक गोष्ट सांगा. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची जुनी पद्धत आहे. पाण्याचा नमुना घेतल्या घेतल्या बाटलीत मँगनीजचं क्षार आणि अल्कली आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका (गाळ) बसतो. सप्टेंबरात आम्ही कांदोळीसमोर जेमतेम २५-३० मीटर खोलीवर होतो. वरच्या पाण्याच्या बाटल्या छान तपकिरी झाल्या. तळाच्या पाण्याची बाटली पांढरीच राहिली. मला वाटलं, रसायन घालायला विसरलो. दुसरी भरली, तीही पांढरी. तांडेल नुसता बघत होता. म्हणाला, "वास घे." सडक्या अंड्याचा वास येत होता.

हे असं होतं. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड, खतावलेलं, पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर सरकून उथळ भागात शिरतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोचत नाही. वरच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती माजतात, मरतात, तळाशी बसतात आणि जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. ऑक्सिजन संपला तरी ते थांबत नाहीत, नायट्रेटवर श्वास घेतात, म्हणजे ऑक्सिजनऐवजी पाण्यातलं नायट्रेट वापरतात. नायट्रेटही संपलं की दुसऱ्या जातीचे जिवाणू सल्फेटवर येतात. आणि सल्फेटला तोटा नाही, लिटरमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असतं. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तोच तो वास.

तळाची मासळी अशा पाण्यात थांबत नाही, उथळाकडे नाहीतर दुसरीकडे पळते. जी पळू शकत नाही ती मरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवाह उलटतो आणि तळाला पुन्हा हवा मिळते. जाळं रिकामं आलं तर दोष दरवेळी जाळ्याचा नसतो, हे त्या मुलाला पटेल.

नायट्रेटच्या टप्प्यावर आणखी एक भानगड आहे. तिथे नायट्रस ऑक्साइड बनतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं की आपल्या किनाऱ्यालगत तो प्रचंड साठतो. त्यात शेतातल्या खतांचा वाटा किती आणि निसर्गाच्या नेहमीच्या चक्राचा किती, यावर अजून वाद चालतो. माझं वैयक्तिक मत: खतं आणि सांडपाणी निर्दोष आहेत असं कुणी सांगायला आलं तर आधी खाडीच्या मुखाशी पाण्याचे नमुने घ्यायला लावावेत.

बाकी मुलांनी हे जिवाणू आधीच हुंगलेत. ओहोटीला कांदळवनात पाय रुतला की काळा चिखल आणि घाण वास येतो ना? लोक त्याला गटार समजतात. गटार मिसळलं असेल तर गोष्ट वेगळी, पण निरोगी खाजणातही तो काळा रंग लोह सल्फाइडचा आणि वास त्याच सल्फेटवाल्या जिवाणूंचा असतो. तिवरांची गळलेली पानं कुजवून पुन्हा कामाला लावण्यात त्यांचाही हात असतो.

वर्गात करून बघा. १८८०च्या दशकात रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्रॅड्स्की यांनी हा प्रयोग काढला. उंच पारदर्शक बरणी घ्या. खाडीच्या चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, कुटलेलं अंड्याचं कवच आणि थोडं पिवळं बलक कालवून ती निम्म्याहून जास्त भरा. वर खाडीचंच पाणी घाला, थोडी जागा मोकळी ठेवा आणि झाकण सैल लावा. उजेडाच्या खिडकीत ठेवा, कडक उन्हात नको. दीड-दोन महिन्यांत तळाशी काळा, त्यावर हिरवा आणि त्याच्याही वर जांभळट पट्टा दिसू लागेल. तो प्रत्येक रंग म्हणजे वेगळ्या पद्धतीने जगणाऱ्या जिवाणूंची खूण. बरणी मुख्याध्यापकांच्या खोलीपासून लांब ठेवा.