डाली दिवे आणि होम असिस्टंट: भिंतीवरचं बटण संगणकाच्या भरवशावर ठेवू नका

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींचं मूळ वेगवेगळं आहे, म्हणून एकेक घेतो. आधी तुमची मांडणी मला समजली तशी लिहितो, चुकली असेल तर सांगा. नाशिकचा नवा बंगला, एकाच डाली लाइनवर (डाली म्हणजे दोन तारांवरून दिव्यांना आज्ञा देण्याचं मानक) 42 ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवून त्याचा उजेड ठरवणारे डबे), भिंतीवर बेल पुश, त्यांच्या मागे बॉक्समध्ये डाली-2 चे (याच मानकाच्या पुढच्या आवृत्तीचे) कपलर, म्हणजे बटण दाबल्याचं लाइनवर कळवणारे छोटे भाग, आणि ही लाइन यूएसबी इंटरफेसमधून मिनी पीसीवरच्या होम असिस्टंटला (घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडलेली. होम असिस्टंट अपडेट होत असताना घरातलं एकही बटण चालत नाही. अ‍ॅपवर दिवा चालू दिसतो, प्रत्यक्षात तो कुणीतरी भिंतीवरून बंद केलेला असतो. आणि मध्यरात्री लाईट जाऊन आली की बेडरूमसकट सगळे दिवे पूर्ण उजेडात पेटतात. यावर ठेकेदाराचं म्हणणं, डाली सोडा आणि वायफायचे स्विच लावा.

तसं करू नका, अगदी कळकळीने सांगतो. भिंतीत डालीची जोडी टाकून झाली आहे, म्हणजे सर्वात खर्चाचं आणि सर्वात टिकाऊ काम झालं आहे. तुमच्या तिन्ही तक्रारी सेटिंगच्या आहेत, यंत्रणेच्या नाहीत.

बटणांपासून सुरुवात करू, कारण घरातल्या ज्येष्ठांचा आणि लहान मुलांचा विश्वास तिथेच बसतो किंवा उडतो. डाली-2 मध्ये बटणाचे कपलर दोन तऱ्हांनी बोलतात. पहिल्या तऱ्हेत कपलर लाइनवर फक्त वर्दी देतो: अमुक बटण दाबलं, सोडलं, दाबून धरलं. या वर्दीला इव्हेंट म्हणतात, ती 24 बिटांची असते आणि दिव्याच्या ड्रायव्हरला तिचा काही अर्थ लागत नाही. ड्रायव्हरला 16 बिटांची कमांड लागते. म्हणून इव्हेंट ऐकून त्याची कमांड करणारं कुणीतरी मध्ये लागतं, मानकात त्याला अ‍ॅप्लिकेशन कंट्रोलर म्हणतात. तुमच्याकडे हे काम होम असिस्टंटमधल्या ऑटोमेशनवर टाकलेलं आहे. मिनी पीसी झोपला की मधला दुवा गेला, मग बटण कितीही दाबा.

दुसऱ्या तऱ्हेत कपलर स्वतःच 16 बिटांची कमांड लाइनवर सोडतो: ‘ग्रुप 3 चालू’, ‘ग्रुप 3 मंद करत जा’, ‘सीन 2’ (सीन म्हणजे आधीच साठवलेली उजेडाची मांडणी). इथे मध्ये कुणीच नाही. राउटर बंद असो, मिनी पीसी उघडून ठेवलेला असो, डाली पॉवर सप्लाय जिवंत आहे तोवर बटणाने दिवा लागतोच. बरेच कपलर दोन्ही तऱ्हांनी चालतात आणि निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून तो पर्याय बदलता येतो. तुमच्या कपलरमध्ये ती सोय असेल तर एकही तार न हलवता पहिली तक्रार संपेल. नसेल तर इव्हेंटचं भाषांतर स्वतः करणारा इथरनेट गेटवे (डाली लाइन आणि घरचं नेटवर्क जोडणारा डबा) डीबीत, म्हणजे घरच्या विजेच्या वितरण पेटीत, बसवा. तो त्या पेटीतल्या पट्टीवर (डिन रेलवर) बसतो, त्यात हार्डडिस्क नाही आणि तो रोज अपडेट मागत नाही. होम असिस्टंटला अशा गेटवेशी घरच्या नेटवर्कवरूनच बोलता येतं. उदाहरणार्थ, ऑस्ट्रियाच्या लूनाटोन कंपनीचा आयओटी गेटवे आपली सगळी माहिती स्थानिक एपीआयवर (दुसऱ्या प्रोग्रॅमला थेट विचारता येईल अशा सोयीवर) देतो, त्याला बाहेरच्या क्लाउडची गरज पडत नाही. कुठल्याही कंपनीचा घ्या, पण विकत घेण्याआधी हाच प्रश्न विचारा: इंटरनेट तोडलं तर हा चालतो का?

माझं ठाम मत असं की होम असिस्टंट लाइनच्या कडेला बसलेला असावा, ऐकणारा आणि अधूनमधून बोलणारा. बटण आणि दिवा यांच्या मध्ये तो कधीच नसावा.

आता दुसरी तक्रार, खोट्या स्थितीची. इथे डालीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ड्रायव्हर आपणहून काहीच सांगत नाही. त्याला विचारलं तरच तो उत्तर देतो. म्हणजे भिंतीवरून दिवा बंद झाला हे होम असिस्टंटला कळायचे दोनच मार्ग: लाइनवरची प्रत्येक फ्रेम, म्हणजे प्रत्येक संदेश, ऐकणं, नाहीतर प्रत्येक ड्रायव्हरला विचारत बसणं.

नुसतं विचारत बसणं हा वाईट मार्ग आहे. डालीचा वेग सेकंदाला 1200 बिट. एक कमांड जायला सुमारे 16 मिलिसेकंद लागतात, आणि उत्तर व मधली थांबण्याची वेळ धरून एका प्रश्नोत्तराला साधारण 40 मिलिसेकंद जातात. 42 ड्रायव्हरांची एक फेरी म्हणजे पावणेदोन सेकंद लाइन अडकलेली. ही फेरी सतत चालू ठेवली तर बटणाची कमांड रांगेत उभी राहते आणि घरचे म्हणतात, दिवा उशिरा लागतो. म्हणून चांगला पूल (गेटवे असो किंवा तुमची यूएसबीवरची स्क्रिप्ट) असं करतो: लाइनवर कान ठेवतो, ग्रुप 3 ची कमांड ऐकू आली की फेड (उजेड हळूहळू बदलणं) संपेपर्यंत थांबतो आणि मग फक्त ग्रुप 3 मधल्या ड्रायव्हरांना त्यांची खरी पातळी विचारतो. फेड संपायच्या आत विचारलं तर मधलीच कुठलीतरी पातळी मिळते आणि अ‍ॅपवर ती तशीच चिकटून राहते. कमांड ऐकून अंदाज बांधणंही पुरेसं नाही, कारण ‘मंद करत जा’ या कमांडमध्ये शेवटची पातळी लिहिलेलीच नसते. एखादी फ्रेम ऐकायची राहिली तर ती चूक भरून काढायला दर काही मिनिटांनी एक सावकाश फेरी पुरते.

तुमची स्क्रिप्ट होम असिस्टंटशी एमक्यूटीटीवर (उपकरणांमध्ये संदेश पोचवण्याच्या एका पद्धतीवर) बोलते आहे, तेव्हा तिथलंही तपासा. दिव्याच्या व्याख्येत स्टेट टॉपिक (दिव्याची खरी स्थिती कळवणारा संदेशमार्ग) दिलेलाच नसेल, तर होम असिस्टंट कमांड गेली म्हणजे दिवा लागला असं गृहीत धरतो. तुमची लक्षणं वाचून मला हीच शंका येते. स्टेट टॉपिक वेगळा द्या, त्यावरचे संदेश रिटेन करून ठेवा, म्हणजे शेवटचा संदेश जपून राहतो. कमांड टॉपिकवर मात्र रिटेन कधीही लावू नका, नाहीतर स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाली की जुनी कमांड नव्याने पोचते आणि भरदुपारी अंगणातले दिवे लागतात. ब्राइटनेस स्केल 254 करा. होम असिस्टंटचा आकडा मुळात 255 पर्यंत जातो, डालीत सर्वात वरची पातळी 254 आहे आणि 255 चा अर्थ ‘काही बदलू नका’ असा आहे.

उजेडाच्या पट्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे तुम्हाला लवकरच खटकणार. डालीची पातळी लॉगरिदमिक आहे, डोळ्याला समान पायऱ्या वाटाव्यात म्हणून. पातळी 127 म्हणजे निम्मा उजेड नव्हे, तो फक्त 3 टक्के असतो. खरा निम्मा उजेड 229 ला येतो. 10 टक्के 170 ला आणि 1 टक्का 85 ला. तुमच्या ड्रायव्हरची सर्वात खालची मर्यादा 1 टक्का असेल (तशी बऱ्याच ड्रायव्हरांची असते), तर पातळी 1 पासून 84 पर्यंत काहीही पाठवलं तरी तो 85 वरच थांबतो. म्हणजे अ‍ॅपमधली पट्टी खालच्या एक तृतीयांश भागात मेलेली. उपाय सोपा आहे: स्क्रिप्टमध्ये 1 ते 100 टक्के हे 85 ते 254 वर पसरवा. कुठे गॅमाचं गणित (डोळ्याला पायऱ्या समान वाटाव्यात म्हणून केलेली दुरुस्ती) टाकलं असेल तर काढा, ते काम ड्रायव्हर आधीच करतो आहे.

तिसरी तक्रार आपल्याकडच्या घरांना जास्त जाचते. डाली ज्या देशांत वाढली तिथे वीज क्वचित जाते. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये दोन पातळ्या साठवलेल्या असतात. एक, पॉवर ऑन लेव्हल: ड्रायव्हरला वीज परत आल्यावर किती उजेड द्यायचा. दुसरी, सिस्टिम फेल्युअर लेव्हल: डाली लाइनचा दाब नाहीसा झाला तर काय करायचं. कारखान्यातून दोन्ही 254 वर येतात, म्हणजे पूर्ण उजेड. मोठ्या इमारतीत हे शहाणपणाचंच आहे, बिघाड झाला तर लोक अंधारात सापडू नयेत. झोपलेल्या घरात ते नको असतं.

बेडरूममध्ये पॉवर ऑन लेव्हल 0 ठेवा. जिन्यात आणि पॅसेजमध्ये मी 170 ठेवतो, वीज आल्यावर पायरी दिसेल इतकाच उजेड. हॉलमध्ये 255 द्या, म्हणजे वीज जाण्याआधी होती तीच पातळी परत येते. फेल्युअर लेव्हल सगळीकडे 255 करा, इथे त्याचा अर्थ ‘आहे तसं राहू दे’. दोन्ही बदलायला हव्यात, एकीने भागत नाही, कारण वीज येताना ड्रायव्हर जागा झाला आणि डाली सप्लाय अजून उठलेला नसेल तर फेल्युअर लेव्हल लागू होऊ शकते. स्क्रिप्टमधून लिहिणार असाल तर या सेटिंगच्या कमांड 100 मिलिसेकंदांच्या आत दोनदा पाठवाव्या लागतात, एकदाच पाठवलेली ड्रायव्हर सोडून देतो.

फेल्युअर लेव्हल मात्र सर्वात शेवटी बदला, सगळी जोडणी तपासून झाल्यावर. कारण ‘सगळे दिवे एकदम पूर्ण लागले आणि कशालाच दाद देत नाहीत’ हे लाइन शॉर्ट झाल्याचं सर्वात स्पष्ट लक्षण आहे. वायरमनला ते घरभर लांबूनही दिसतं. 255 केल्यावर ते लक्षण लपतं आणि मग मल्टिमीटर घेऊन ड्रायव्हरच्या डीए टोकांवर (जिथे डालीची जोडी जोडतात) 16 व्होल्टच्या आसपास डीसी आहे का ते बघत फिरावं लागतं.

इन्व्हर्टरचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण माझ्या मते रात्रीच्या झगमगाटाचा अर्धा उलगडा तिथे असेल. काही ड्रायव्हर इन्व्हर्टरवर आणि डाली पॉवर सप्लाय महावितरणच्या थेट लाइनवर अशी विभागणी झाली असेल, तर लाईट जाताक्षणी डाली लाइन मरते, इन्व्हर्टरवरचे ड्रायव्हर फेल्युअर लेव्हलवर जातात, आणि जे दिवे बंद होते तेही पूर्ण उजेडात पेटून बॅटरी खायला लागतात. डाली पॉवर सप्लाय, गेटवे, राउटर आणि मिनी पीसी हे चारही इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्या. कपलर सहसा डाली लाइनवरच चालतात, ते आपोआप जिवंत राहतील. आणि वीज नसलेले ड्रायव्हर उत्तर देणार नाहीत, तेव्हा स्क्रिप्टने त्यांना ‘बंद’ नव्हे, ‘अनुपलब्ध’ दाखवावं. नाहीतर ‘बंद दिसला की चालू कर’ अशी ऑटोमेशन वीज येईपर्यंत व्यर्थ कमांड ओतत राहते. ड्रायव्हर दिवा बंद असतानाही थोडी वीज घेतो, हेही हिशेबात धरा. प्रत्येकी अर्धा वॅट धरला तरी 42 चे 21 वॅट, दिवसाला अर्धं युनिट.

ग्रुपबद्दल थोडक्यात. होम असिस्टंटमध्ये बारा दिव्यांचा ग्रुप करून तो चालू केलात तर बारा वेगळ्या कमांड जातात आणि दिवे लाह्या फुटल्यासारखे एकामागून एक लागतात. डालीच्या स्वतःच्या 16 ग्रुपांपैकी एक वापरा, म्हणजे एकाच फ्रेमवर सगळे एकदम लागतात. सीनही ड्रायव्हरमध्येच साठवा, तेही 16 मिळतात. मंद होत जाण्याचा वेळ होम असिस्टंटकडून पायरीपायरीने पाठवू नका, ड्रायव्हरची फेड टाइम सेट करा. 2 हा कोड 1 सेकंदाचा, 4 हा 2 सेकंदांचा. मला घरासाठी 1 सेकंद आवडतो.

सुरक्षेची एक गोष्ट वायरमनच्या कानावर नक्की घाला. 16 व्होल्ट बघून डालीच्या तारांना टेलिफोनच्या तारांसारखं वागवतात, ते चूक आहे. मानकानुसार या जोडीला 230 व्होल्टच्या तारांसारखंच हाताळायचं असतं. तिच्यासाठी मेन्सचीच इन्सुलेशन असलेली तार वापरायची. म्हणूनच ती फेज-न्यूट्रलबरोबर एकाच पाइपात टाकता येते, पण लॅनच्या केबलबरोबर मात्र नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी कपलर थेट कमांडवर आणा आणि मिनी पीसी बंद करून घरभर बटणं दाबून बघा. ते जमल्याशिवाय होम असिस्टंटला हात लावू नका. मग इन्व्हर्टरची विभागणी, मग ग्रुप, मग स्टेट टॉपिक, शेवटी फेल्युअर लेव्हल. अ‍ॅड्रेस 0 ते 41 कुठल्या दिव्याला मिळाले त्याचा तक्ता करून डीबीच्या दारावर आतून चिकटवा. ड्रायव्हर बदलताना कुणी नव्याने पूर्ण अ‍ॅड्रेसिंग चालवलं तर अ‍ॅड्रेस दिव्यांना कुठल्याही क्रमाने मिळतात आणि तुमची सगळी नावं विस्कटतात, म्हणून फक्त नव्या ड्रायव्हरला जुना अ‍ॅड्रेस द्या.

कपलरच्या कडेला छापलेला मॉडेल क्रमांक आणि ड्रायव्हरच्या लेबलवरची किमान डिमिंग टक्केवारी इथे टाका. त्यावरून थेट कमांडची सोय आहे की गेटवे घ्यावा लागेल, आणि पट्टीचा खालचा आकडा किती ठेवायचा, हे नेमकं सांगता येईल.